हळदीचं बोट

—कुणी म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला न्हाई, अमरनाथभाऊ, तुम्ही सुद्धा न्हाई, आन आता लातूरहून आलात तर बसा. मशीन चांगलं चालतंय म्हणून मला दाखवू नका, चालतंय ते मला बी दिसतंय. जागं असताना ते कुणालाबी चांगलंच दिसतं. झोपू द्या त्याला. झोपंतून उठताना मरतंय ते — किती डाव सांगितलं फोनवर, आन तुम्ही काय म्हणलात, काकू, बंद करून चालू करा. बंद करून चालू करायला मला दुरुस्तीवाला कशाला लागतो? माऊसला हात लावू नका. हात लावला की ते झोपतच न्हाई, आन तुम्ही म्हणणार, बघा, काहीच झालं न्हाई. हात मांडीवर घ्या. चहा येतोय.

तुम्हाला कॉम्प्युटर कळतो, काटा कळत न्हाई, म्हणून ऐका. सोयाबीनची गाडी भरून येते, काट्यावर चढते, भरलेलं वजन याच्यात बसतं. मग गाडी मोंढ्यात जाते, माल उतरवते, रिकामी होऊन परत येते. रिकामं वजन घेतलं की दोन्हीतला फरक म्हंजी माल. आता ती गाडी तिकडं हमालांची वाट बघत उभी, इकडं हे बसल्या बसल्या झोपलं. गाडी आली, मी बटण दाबलं — निळा पडदा. वर पांढरी इंग्रजी अक्षरं आन एक वाकडं तोंड. मी चौथी शिकले, पण वाकडं तोंड वाचायला शाळा लागत न्हाई. मग होतं की चालू, होत न्हाई असं न्हाई, पण भरलेलं वजन गेलेलं असतं. माल उतरून बसलाय, आता ते वजन कुठून आणू? डायवर म्हणतो, मावशी, काट्यात खेळ करताव का. माणिकप्पा आडते, माझ्या सासऱ्याच्या काळापासून त्यांच्या गाड्या इथं, ते सगळ्यांसमोर म्हणले, उमाबाई, काटा बिघडला तर दुरुस्त होतो, इमान बिघडलं तर कुणाला दाखवायचं? आन गाड्या वळवल्या नांदेड रोडच्या काट्याकडं. आता तुम्हीच सांगा, काटेवाल्याजवळ इकायला दुसरं काय असतं? इमानच इकतो आम्ही. तेवढं गेलं की हे खाली लोखंड राहिलं, नुसतं लोखंड.

झोपच बंद करून टाकू म्हणता? टाकली होती. मग लाईट जाते. अहमदपुरात लाईट कशी जाते ते तुम्हाला काय सांगायचं. इन्व्हर्टरवर काटा बी, पंखा बी, आन हे जागरण करणारं बी — इन्व्हर्टर दुपारीच आडवा. मग वजनच बंद, गाड्या रांगेत, आन शिव्या मला. म्हणून पुन्हा झोपायला लावलं. आन कामून झोपू नये त्यानं? आधी झोपायचं की मस्त, आन उठायचं बी लेकरावाणी, जिथं सोडलं तिथून पुढं.

ते बाहेर बाजेवर तोंड फिरवून बसलेत ना आमचे मालक, ते तुमच्यावर नाराज न्हाईत, माझ्यावर हायेत. रोज आंघोळ झाली की या डब्याच्या कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे. कपाळ म्हंजी ही जाळी, जिथनं वारं आत जातं. मी म्हणलं, रेवणप्पा — नाव घेऊन म्हणलं, एवढं डोकं फिरलेलं माझं — तुमची राख आत जाऊन राहिली, म्हणून मरतंय हे. ते म्हणले, देवाच्या राखेनं कुणी मरत नसतं. मी डबी उचलली आन उकिरड्यावर फेकली. विभूतीची डबी, लिंगायताच्या घरात. तवापासून जेवायला बसतात, पण पुरे म्हणत न्हाईत, ताट सरकवतात.

राख बंद झाली तरी हे मरायचं ते मरतंच होतं. मग दीपमालाला घरी बसवलं. तीच की, काट्यावर बसायची ती, दोन लेकरांची आई, मशीन बसवलं त्या दिवशी पूजेचा नारळ तिनंच फोडला. तिच्या हाताखाली सारखं बंद पडायचं, म्हणलं हीच खामखा काही तरी दाबत असंल. माझ्या हाताखाली बी पडायचं, हाव, पण मालकिणीचं कोण मोजतंय. — न्हाई, तेवढ्यावरनं न्हाई काढलं. जबान लई चालली तिची. म्हणली, काकू, राग येऊ देऊ नका, दसऱ्याला तुमच्या संगमेशनं साफ केल्यापासून हे असं होऊन राहिलंय. माझ्या लेकाचं नाव. आन हमाल उभे होते तिथं, सगळे ऐकून राहिलेले. मी म्हणलं, चप्पल घाल आन नीघ.

आता बघा, लेकरू लातूरला शिकतंय, सणापुरतं घरी येतं, आन आल्या आल्या काय म्हणतं — मम्मी, या मशीनमधी धूळ लई झाली असंल, मी साफ करतो. आजकाल कुणाचं लेकरू म्हणतं असं? आतून कडी लावून बसला, धूळ घरभर नको म्हणून. पुरणपोळी ताटात निवून गेली, तरी उठला न्हाई. त्याला समज हाय मशीनची. हे घेताना तुम्ही म्हणलात, काट्याला एक रॅम बस्स, तोच म्हणला, न्हाई, दोन घाला, चांगल्यातल्या घाला. त्याच्या खोलीवर त्यानं स्वतः एक मशीन जोडलंय, आत लाल-निळे दिवे लागतात, पोरं बघायला येतात. अभ्यासाचं हाय ते. आधी सारखं अडकायचं, दसऱ्यानंतर एकदम पळायला लागलं म्हणला फोनवर, लई खूश होता—

थांबा. गेला पडदा. झोपलं. आता मी न्हाई दाबत, तुम्ही दाबा. तुमच्याच बोटानं मरू द्या.

बघा. वाकडं तोंड. आता म्हणा, बंद करून चालू करा. म्हणा की. उघडा मग, काढा ते इस्क्रू. राख दिसते का? बारीक बघा. चिमूटभर बी न्हाई? हळू बोला, बाजेवर ऐकू जाईल.

हे काय, रॅम? झोपल्यावर सगळं याच पट्ट्यांत धरून ठेवतं म्हणता — आन पट्टी धड नसली की उठताना सांडतं. हे फोनवर सांगायचं होतं, मला कळलं असतं, मी काय दगड न्हाई. एक चांगली, एक खराब? खराब कशी असंल, दोन्ही एकाच दिवशी आणल्या तुम्ही. जोडायच्या आधी सगळं सामान पाटावर मांडून मी एकेकाला हळदीचं बोट लावलं, तुम्ही हसलात, म्हणलात, काकू, सोनेरी दातांना लावू नका, मग मी पट्टीवर डकवलेल्या चिठ्ठीवर लावलं. कागदावर बसलेली हळद जात नसते. ही बघा, हिच्यावर हाय, पिवळं बोट, माझंच. आन ही — उलटी करा. दुसऱ्या बाजूला असंल. उजेडाकडं धरा.

न्हाई.

ही माझी न्हाई. हिचे दात बघा कसे काळे पडलेत, कुणाच्या तरी जुन्या मशीनमधली हाय ही. तुम्ही शपथ कामून घेताय, मी तुम्हाला म्हणलं का काही? आन तुमच्यानंतर हा डबा कुणी उघडला म्हणून मला विचारू नका. विचारू नका म्हणते ना.

चहा राहू द्या. झाकण लावू नका, पडू द्या तसंच. मालकाला हाक मारू नका, त्यांच्याशी माझं मी बोलते. तुम्ही निघा. जाताना दीपमालाच्या दारावरनं जा, ते समोर लिंबाच्या झाडाचं घर. म्हणावं, काकूनं बोलावलंय. येत न्हाई म्हणली तर काकू स्वतः येती म्हणावं. आन कुणी केलं ते ती विचारायची न्हाई, तिला ठाऊक हाय. तरी सांगा. मोठ्यानं सांगा, हमालांना ऐकू जाईल असं सांगा. संगमेश.