जिन्याखालचं पुडिंग

—ऑक्टोबरचं काय घेऊन बसलात बाई, नाताळचं सामान ऑगस्टमध्येच मांडलं होतं दुकानवाल्यांनी! बसा, बसा, खुर्ची मोकळीच आहे, ट्रॉली सरकवतो मी. ऑगस्टमध्ये. मंगळवार होता, दूध आणायला गेलो होतो, आमच्या इथल्या मोठ्या दुकानात — अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, बाहेर पोरं आइस्क्रीम चाटतायत — आणि शाळेच्या दप्तरांशेजारी काय असावं? मिन्स पाय. नाताळच्या त्या, मनुकांचं सारण भरलेल्या. डबा उलटा करून तारीख बघितली, तर नाताळ यायच्या कितीतरी आधीच शिळ्या होणार! म्हणजे नाताळचा खाऊ, पण नाताळात खायचा नाही. कोणाच्या डोक्यातून निघतं हो हे? आणि लोक घेत होते. घेत होते, बाई!

मला मात्र आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आमची पैज असायची — लॉर्नाची आणि माझी, लॉर्ना म्हणजे माझी बायको — दुकानात नाताळ पहिल्यांदा ज्याला दिसेल त्यानं दुसऱ्याला तिथूनच फोन करायचा. हरेल त्यानं नाताळची सगळी भांडी घासायची, जिंकेल त्यानं पुडिंगवर ब्रँडी ओतून काडी लावायची. दरवर्षी तीच जिंकायची. कुठल्या कोपऱ्यात चमकी लागली की हिला वास यायचा. "मॅल्कम, भांड्यांचे हातमोजे काढून ठेव," एवढंच बोलायची आणि फोन ठेवायची. तर मी तिथंच उभा राहून फोन लावला. म्हटलं, आता बघ. उचलला कुणा परक्या बाईनं. बसस्टॉपवरून बोलत होती. म्हणाली, तुम्ही यांचे कोण? — आणि मी म्हणालो, मिन्स पाय आल्या म्हणून सांगा तिला.

तर ते असो. यंदा मी जिंकलो.

नाही, नाही, असा चेहरा नका करू. केक खा तुमचा. मी काय सांगत होतो — हां, शिसारी. मघाशी तिकडे एक मेणबत्ती हुंगली. नाव काय, तर 'नाताळची सकाळ'! आमच्याकडे नाताळच्या सकाळी उकडलेल्या कोबीचा वास यायचा आणि ओल्या कुत्र्याचा. हिला नुकता संडास धुतल्यासारखा! आणि हे हरणाचं ध्यान मध्ये उभं केलंय, कंबर हलवत गातंय — ही झाडांची नर्सरी ना? फुलांचे कंद न्यायला आलो, तर कंद मागच्या दाराशी, पावसात, आणि इथं कापसाचा बर्फ. कुत्र्यांना नाताळचे स्वेटर! कुत्र्यानं मागितला होता? बरं, ते हॅलोविनचे भोपळे — कोरायचे, पायरीवर ठेवायचे, कुजले की फेकायचे, सूप करावं असं एकाच्या मनात येत नाही. आणि बघाल तुम्ही, नाताळची उष्टी टेबलावर असतानाच ईस्टरची अंडी मांडतील. कधी काही मुरूच देत नाहीत हो ही माणसं. किळस येते. अगदी पोटातून येते.

काय बघताय? ट्रॉलीत? हो, पुडिंगच आहे ते. प्लॅस्टिकच्या वाटीतलं. मायक्रोवेव्हमध्ये घातलं की झालं. ऑक्टोबरमध्ये घेतलंय, आणि मीच घेतलंय — हसा. लॉर्ना असती तर खुर्चीवरून पडली असती.

घरी नाही असं नाही. आहे. सुक्या मेव्याची, वाफवलेली पुडिंगं आम्ही दोन करायचो, नोव्हेंबरातल्या शेवटाकडच्या एका रविवारी — घरातल्या प्रत्येकानं एकदा डाव फिरवायचा, मनात काहीतरी मागायचं — एक त्या नाताळचं, दुसरं पुढच्या. वर्षभर मुरलेल्याला जी चव येते ना! तर हे गेल्या वर्षीचं, यंदा खायचं. जिन्याखालच्या कपाटात आहे, तिनं फडक्यात बांधलेलं. दोरी आवळताना म्हणायची, बोट धर गाठीवर — आणि माझं बोटच अडकवायची गाठीत, मुद्दाम, दरवर्षी. आता टेसा, आमची मुलगी, ती म्हणते, बाबा, नाताळात आईचंच खाऊ या, तिला आवडेल. आवडेल! खाल्लं की संपलं ना ते? म्हणून हे, हे रबर. टेसापुढे हे ठेवीन आणि सांगीन, आईच्याला बुरशी आली. तिला काय कळतंय? — कळेल म्हणा. आईवरच गेलीये.

आणि अगदीच खोटं होईल असंही नाही. नुसतं ठेवून मुरत नाही ते. दर महिन्याला सुईनं टोचायचं, विणायच्या सुईनं, आणि चमचाभर ब्रँडी पाजायची. पाजली नाही की कोरडं पडतं, मग खराब व्हायला कितीसा वेळ! सुई तिच्या लोकरीच्या टोपलीत असते. टोपली उघडावी लागते त्याला.

चहा निवला तुमचा. आणि ते गृहस्थ मघापासून हात करतायत, तुमचेच ना? जा, बाई. जा, नाहीतर इथली माणसं त्यांच्या गळ्यात कुत्र्याचा स्वेटर मारतील. मी बसतो जरा. हे हरीण गप्प झालं की निघेन.

ऑगस्टपासून मी ते पुडिंग टोचलेलं नाही.