एकतीस तारखेची इंदूबाई

...आता तुमीच सांगा राजेहो, एकतीस तारीख महिन्यात येते का नाही येत? येते ना! मंग त्या कम्पूटरले काहून समजत नाही? बार्शीटाकळीहून अकोल्याले चार चकरा मारल्या म्या, चार! आन् पयल्या तिन्ही खेपेले रेडिओ केंद्रातला तो अमोल मान वर न करता मंते, "काका, रेकॉर्ड नाही दाखवून राहिलं."

तुमाले सांगतो, मी श्रावण, यष्टीतला रिटायर कंडक्टर. माह्यी बायको इंदूबाई, तिले जाऊन दोन वर्सं झाली. नात खुशी पाच वर्साची. मले एक दिवस इचारते, "आबा, आजी कशी बोले?" मी मनलं थांब, मोबाईलमधी आयकवतो. सतरा व्हिडिओ निंघाले बाप्पा! आन् सतराही मधी कोण बोलून राहिलं? मी! "इकडं पाय, पदर नीट घे, अवं हास ना..." ती बिचारी तोंड उघडते न उघडते, त मीच सुरू! खुशी मंते, "आबा, आजी मुकी होती का?" आन् मीही डोळे मिटून पायलं, त मलेही आठवे ना तिचा आवाज.

मंग डब्यांच्या फळीवर अंथरलेलं जुनं कॅलेंडर सापडलं. तिच्या हातचं लिवलेलं... गॅस कधी लागला, दूध कधी नाही आलं... आन् ऑगस्टाच्या शेवटच्या चौकोनात, एकतीस तारखेले, "रेडिओ"! मले याद आली. दुपारी बायांचा कार्यक्रम लागते, तिथं फोन लावला होता तिनं. संध्याकाळी मले मने, "मी आज रेडिओवर बोलली." आन् म्या काय मनावं? "बरं. चहा टाक." इतकंच! लाज वाटते सांगाले.

गेलो कॅलेंडर घेऊन. अमोल मंते, "कोणता महिना?" मी मनलं ऑगस्ट. त्यानं टाकलं, एक ते एकतीस, नाव इंदूबाई. टकटक, टकटक... "काका, रेकॉर्ड नाही दाखवून राहिलं." दुसऱ्या खेपेले मी चौकोनावर बोट ठेवलं, हे पाय, एकतीस! त्यानं टाकलं, एकतीस ते एकतीस. "नाही दाखवून राहिलं काका." तिसऱ्या खेपेले त हद्द झाली! मंते, "राग नका मानू, पन आजी बोलल्याच नसतीन. फोनच लागला नसन." अरे! शेजारून वाटीभर साखर आणली त परत देतानी शीग लावून देणारी बाई ते, ते कॅलेंडरावर खोटं लिवन? असा भडकलो... आन् उतरलो पायऱ्या. पन यष्टीत बसल्यावर, खोटं काहून सांगू, माह्याही मनात आलं, लागलाच नसन का फोन?

तरी चौथ्यांदा गेलो. आता तिथं नवी पोरगी आली, प्रियदर्शनी, कम्पूटरचं पायते. तिनं सारं आयकून घेतलं आन् मनलं, "काका, तुमचं बरोबर हाय. हा कम्पूटर एकतीस तारीख लागली का रात्री बाराच्या ठोक्यालेच थांबून जाते. एकतीसचा सारा दिवस पुढं रायते, तो धरतच नाही. आन् एकतीस ते एकतीस मंजे त्या ठोक्यापासून त्या ठोक्यापर्यंत! आजीचा फोन होता दुपारचा."

मंजे पाहा आता! गाडी गावच्या पाटीपाशी आणली आन् तिथूनच वळवली, स्टँडवरची सवारी बोंबलत राहिली! बत्तीस वर्सं तिकिटं फाडली म्या, असा डायवर सस्पेंड झाला असता! आन् हा अमोल दर महिन्याले असाच शोधते मने, एक तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत. किती बायांचा शेवटचा दिवस गायब केला असन त्यानं?

पोरीनं टाकलं, एक ऑगस्टापासून, एक सप्टेंबराच्या आत. अमोलनं पयल्यांदा मान वर केली. आन् आलं ना राजेहो! एकतीस ऑगस्ट, दुपारी दोन वाजून सदतीस मिनिटं, इंदूबाई, बार्शीटाकळी. मी खुर्ची ओढून कम्पूटरपाशी बसलो.

तीन मिनिटं बारा सेकंद. तोच आवाज, जरासा बसका... "अंबाडीची भाजी पयले उकडून पिळून घ्या बाई, मंग कण्या टाका..." मी रडून राहिलो, अमोल खाली पाहून राहिला. शेवटी रेडिओवाली इचारते, "आजी, घरी कोण कोण असतं?" आन् इंदूबाई मंते, "म्हतारा हाय ना. मनानं चांगला हाय. पन माह्यं आयकत नाही, सोताच बोलत रायते. मनून त तुमाले फोन लावला."

प्रियदर्शनीनं ते माह्या मोबाईलमधी टाकून देलं. आता रोज दुपारी मी आन् खुशी आयकतो. मधात मी एक सबद बोलत नाही. पयल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत, शेवटचा धरून! मंग खुशी मंते, "आबा, आजी अजून काय काय बोले?" बेचाळीस वर्सं ती बाई माह्यासंगं बोलली राजेहो... आन् मी माह्यं डोकं खाजवतो, हुडकतो, मांगं जातो, पुढं येतो...

रेकॉर्ड नाही दाखवून राहिलं.