फिंटनचा अल्बम

माननीय अध्यक्षा डॉ. सुहासिनीताई, आजचे सत्कारमूर्ती डॉ. पद्माकर देवपुजारी, सौ. नंदिनीवहिनी, मंडळाचे पदाधिकारी, आणि एवढ्या वाऱ्यापावसात टॅला-ब्युमॉन्टहून इथे लूकनला आलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधी चौघे बोलले. भूलतज्ज्ञ म्हणून पद्माकररावांचा लौकिक, आपल्या गणेशोत्सवाला त्यांनी लावलेली शिस्त, सगळं सांगून झालं. मला ते सगळं मान्य आहे. पण ताई म्हणाल्या, "संजीव, तू त्यांचा जवळचा मित्र, शेवटी तू बोल." तर मित्रानं खरं बोलावं. गेली पाच वर्षं मी या माणसावर जळत आलो आहे. हसू नका, गंमत करत नाहीये.

आमच्या शेजारी फिंटन गेराटी नावाचे आयरिश गृहस्थ एकटे राहत. एकोणिसाव्या वर्षी ते बॉस्टनला गेले होते. आठवडाभर नळदुरुस्ती आणि शनिवारी बेसबॉलच्या मैदानात शेंगदाणे विकणं, अशी त्यांची काही वर्षं गेली. तेव्हा तिकडे च्युइंगगमच्या पाकिटातून खेळाडूंची कार्डं मिळायची. पुढे फोटो, मागे कामगिरीचे आकडे. फिंटनकडे अशा एकशे बारा कार्डांचा अल्बम होता.

दोन हजार एक साली मी त्यांच्या शेजारी राहायला गेलो, आणि पहिल्याच चहाला तो अल्बम पाहिला. लहानपणी पुण्यात क्रिकेटपटूंचे फोटो जमवलेला मी माणूस. मला घबाड मिळाल्यासारखं झालं. इंटरनेटवरून बेसबॉल शिकलो, कार्डांमागचे आकडे पाठ केले. आणि एका रविवारी घरी आलेल्या पद्माकररावांना मीच हौसेनं तिकडे घेऊन गेलो.

पद्माकररावांना बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. त्यांनी एडी कॉलार्ड नावाच्या एका पिचरचं, म्हणजे तिकडच्या गोलंदाजाचं, कार्ड उचललं आणि विचारलं, "हा माणूस कसा होता हो?"

सहा महिन्यांत मला हा प्रश्न का सुचला नव्हता?

फिंटन दीड तास बोलत होते. एडीचा उजवा हात दुखायचा. संघाला कळलं तर आपल्याला काढतील, म्हणून तो सगळ्यांशी डाव्या हातानं हात मिळवायचा. एकदा स्टॉलमागे, सरबताच्या बर्फात कोपरापर्यंत हात घालून बसलेला तो फिंटनना दिसला होता. ही गोष्ट त्यांनी एडी असेपर्यंत कुणालाही सांगितली नव्हती. त्या वर्षी एडीनं सतरा सामने जिंकले होते, असं मी मध्येच सांगितलं. फिंटन "ग्रँड", म्हणजे 'छान', एवढंच म्हणाले आणि पुन्हा पद्माकररावांकडे वळले.

त्यानंतर मी दिसलो की त्यांचं एकच, "युअर मॅन रविवारी येतोय ना?" युअर मॅन म्हणजे पद्माकरराव. मी अमेरिकेतून एक दुर्मीळ कार्ड मागवून त्यांना भेट दिलं. त्यांनी आभार मानले आणि ते प्रेसमध्ये वरच्या फळीवर ठेवून दिलं. आपण मराठीत ज्याला कपाट म्हणतो त्यात.

दोन हजार चारच्या सप्टेंबरात फिंटन पडले. पुतणी त्यांना कायमचं आपल्याकडे स्लायगोला नेणार होती. बुधवारी ते मला म्हणाले, "शनिवारी अकराला निघतोय. पद्माकरला सांग. अल्बम त्याला द्यायचाय." मी हो म्हणालो. शुक्रवारी आपल्या मंडळाच्या बैठकीत पद्माकरराव माझ्या शेजारच्या खुर्चीत दोन तास बसले होते. मी बोललो नाही.

शनिवारी वरच्या खिडकीतून पाहत होतो. फिंटन कोट घालून, मांडीवर अल्बम घेऊन दारात बसले होते. पुतणी घड्याळ बघत होती. पाऊण तासानं ते काठी टेकत माझ्या दाराशी आले. "कामात अडकला असेल. तू ठेव."

मी घेतला, अध्यक्ष महोदया. दोन्ही हातांनी घेतला. पद्माकररावांना सांगितलं, फिंटन अचानक गेले. मग एकटा बसून पानं उलटत राहिलो. आकडे सगळ्यांचे येत होते, पण कोण माणूस कसा होता, ते जेमतेम दहाबारा जणांचं ठाऊक होतं, आणि तेही पद्माकररावांनी विचारलं म्हणून.

गेल्या महिन्यात ते नागपूरला परत निघाल्याचं कळलं. मग मात्र राहवेना. टॅलाला त्यांच्या घरी गेलो, अल्बम त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

फिंटनचं पत्र त्यांना त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं होतं. तेव्हापासून दर महिन्याला मेनूथहून गाडी पकडून ते स्लायगोला जात होते. वहिनी सोबत बेसनाचे लाडू देत होत्या. मंडळी, मला लाज वाटायला हवी होती ना? ती नंतर वाटली. आधी मनात आलं ते असं, की अठरा वेळा! अल्बम माझ्या घरात आणि गोष्टी सगळ्या यांच्याकडे.

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, "फिंटनना मी सांगितलं की निरोप मिळाला होता, ड्यूटीमुळे येता आलं नाही. तुझ्याबद्दल त्यांचं मत खराब व्हायला नको होतं. पण संजीव, मला राग आला होता. अजून आहे. आता मी निघालोय, तिकडे महिन्यातून एकदा कुणीतरी जायला हवं. अल्बम घेऊन तू जा."

गेल्या शनिवारी स्लायगोला गेलो. फिंटननी दार उघडलं, मला पाहिलं, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आज मी एकटाच आलोय. मग दारातच उभं राहून निरोपाचं खरं काय ते सांगितलं. त्यांनी काठी दाराला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "पद्माकर मला ड्यूटीचं सांगत होता." अल्बम घेतला, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि किटली ठेवायला आत गेले. निघताना मी विचारलं, पुढच्या महिन्यात येऊ का? "दुसऱ्या शनिवारी ये," म्हणाले.

मंडळानं मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. भाषण संपवताना चुकल्यामाकल्याची माफी मागायची आपल्याकडे पद्धत आहे. या व्यासपीठावरून मीही ती सवयीनं कितीदा तरी मागितली आहे. आज मात्र ज्यांच्याकडे मागायची ते समोर बसले आहेत, आणि त्यांनी अजून ती दिलेली नाही. पद्माकरराव, घाई नाही. नागपूरला पोचून, सामान लावून झाल्यावर कळवलंत तरी चालेल.