सविताचा जुना लॅपटॉप

लॅपटॉपच्या किमतींचा विषय काढलात म्हणून सांगते. शहरात शिकायला होते तेव्हा गारखेड्यातल्या खोलीवर माझ्यासोबत सविता राहायची, कॉम्प्युटरला होती. घरची मेंढरं, गाव लासूर स्टेशनच्या पुढं. त्या वर्षी प्यायलाही पाणी नव्हतं. अर्धी मेंढरं विकून तिचे वडील, आबा, लॅपटॉप घ्यायला शहरात आले. नवा परवडेना, म्हणून मी दोघांना जुन्या लॅपटॉपच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदारानं एक चालू करून दाखवला. स्क्रीनवर एका पोरीचा फोटो आला. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, तोंडभर हसू.

"ही कोन?" आबांनी विचारलं.

"जिचा होता ती. तिचे वडील विकून गेले. फोटो काढून टाकतो, चाचा."

"मंग ती आता कशावर शिकती?"

"शिक्षण सुटलं तिचं. गावाकडं सगळं वाळून गेलं, तर लग्न लावून दिलं."

आबा बराच वेळ त्या फोटोकडं बघत होते. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण त्यांनी कमरेची पिशवी सोडली, पैसे पुढं ठेवले आणि हळूच विचारलं,

"औंदाबी पाऊस नाय झाला, तर माघारी घ्याल नव्हं?"