बोटभर जागा तापली तेव्हा

"आत्या, काल मी विज्ञानाची अब्रू वाचवली," दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेला इंजिनियर म्हणाला.

"आधी बुटाची नाडी बांध."

"आमच्या प्रयोगशाळेत अणूचे वेगवान कण वळवणारं चुंबक अतिथंड असतं, म्हणून त्यात वीज विनाअडथळा धावते. काल त्यातली बोटभर जागा अचानक तापली आणि वीज तिथेच अडून उष्णता ओतायला लागली!"

"मग गार केलीत?"

"तेवढा वेळ नसतो. मी बसवलेल्या हीटरांनी क्षणात अख्खं चुंबकच तापवलं. उष्णता सगळीकडे वाटली गेली, नाहीतर तेवढीच जागा वितळली असती. चुंबक गेलं असतं आणि माझी नोकरीही."

"अगदी तुझ्या बापासारखं. एकावर चिडला की घरभर ओरडतो, मग निवतो."

"हीटर ऐनवेळी चालतील ना, ही तीन वर्षांची धास्ती होती. काल शांत झोपलो."

"गुणाचं पोर माझं! आता हा चहा फुंकून दे, पोळतोय."