शेखररावांचा इंग्लंडला गेलेला चिवडा

नाही, पण चिवडा म्हणजे काय बॉम्ब आहे का हो? सांगा ना! पोहे, डाळं, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरनं तळलेला कांदा... यात कुणाचं वाकडं होण्यासारखं काय आहे? आणि तरी आमच्या वरच्या मजल्यावरचे शेखरराव निकम, साधा सरळ माणूस, ओझरला विमानाच्या फॅक्टरीत अख्खी नोकरी काढली, कुणाशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत, तो माणूस सोसायटीत तोंड चुकवून फिरायला लागला, का, तर चिवडा पाठवला म्हणून! तुम्हाला सांगतो, माझं तर डोकंच सटकलं होतं. आता यात शेखररावांचं काय चुकलं?

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर म्हणाल हा मधूनच सुरू झाला. शेखररावांना एकच मुलगी, तेजस्विनी. तेजूची आई गेली ती पोरगी इंजिनिअर व्हायच्या आधीच. मग घरात दोघंच. पोरगी हुशार, तिला इंग्लंडला जाऊन पुढचं शिकायचं. कॉलेज रोडला ती ऑफिसं नाहीत का, बाहेर सगळ्या देशांचे झेंडे आणि आत एवढा एसी की माणूस परदेशी जायच्या आधीच गारठावा, तिथला टाय लावलेला पोरगा म्हणाला, "अंकल, एकदा डिग्री झाली ना, की जॉब काय... असा!" आणि चुटकी वाजवली हो त्यानं! शेखररावांनी घरी येऊन मला ती चुटकी वाजवून दाखवली. झालं, पोरगी गेली, शिकली, पास झाली, काळी टोपी हवेत उडवतानाचा फोटो आला, तो यांनी मोठा करून हॉलमध्ये लावला, आणि मग सुरू झालं नोकरी शोधणं. ती चुटकी काही वाजेना!

कशी वाजेल? तिकडे भानगड अशी, की शिक्षण झाल्यावर सरकार थोडी मुदत देतं, शोधा म्हणतं. त्या मुदतीत एखाद्या कंपनीनं 'हिच्या व्हिसाची जबाबदारी आमची' असं लिहून दिलं तर राहायचं, नाहीतर बॅग भरायची. आणि कंपन्या कशा? मुलाखतीत गोड गोड हसायचं, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि व्हिसा हा शब्द निघाला की चेहरा असा, जसा काय पोरीनं त्यांच्याकडे किडनीच मागितली! मग पत्र येणार. "प्रिय तेजस्विनी, तुमच्याशी बोलून आम्हाला फार आनंद झाला, आम्ही फारच प्रभावित झालो, मात्र दुर्दैवाने..." अहो मग प्रभावित कशाला झालात? कुणी सांगितलं होतं? आपल्याकडे कसं तोंडावर सांगतात, जागा नाही, निघा. माणूस शिव्या घालत घरी येतो आणि जेवून झोपतो. त्या 'दुर्दैवाने'ला शिव्या पण घालता येत नाहीत!

पोरगी संध्याकाळी एका दुकानात माल लावायला जायची आणि दिवसभर अर्ज करायची. आणि सकाळी उठली की पहिला फोन पप्पांना. आता तिची सकाळ म्हणजे आपली भर दुपार. सुलाबाई पोळ्या करून जायच्या दहालाच. रोज ओरडायच्या, "साहेब, गरम हायेत तवर खाऊन घ्या की हो!" तर हे म्हणायचे, "असू दे, तेजू उठू दे." मग दुपारी मोबाईल तांब्याला टेकवून उभा करायचे, ती तिकडे चहा-ब्रेड, हे इकडे गार पोळी, आणि पोरगी बोलतीय, बोलतीय... हे आपले ऐकतायत. मधूनच "हं... हं... होईल गं, होईल." खिडकी उघडी असते, मला खाली सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही, येतं!

आणि सोसायटी! वॉचमन पुंजा, पेठकडचा आहे, तो गेट उघडायच्या आधी विचारणार, "काका, ताईचं लागलं का काय?" भाजीवाली विचारणार. दाढी करायला गेले तर वस्तरा गळ्यावर ठेवून न्हावी विचारणार! "नाही अजून, बघतेय," एवढंच सांगत शेखरराव सगळीकडनं सुटायचे. पण एक सांगू? विचारलं की माणूस थांबायचा. चार शब्द बोलायचा. त्यांना पण ते थोडं बरंच वाटत असणार, असं माझं आपलं मत.

आता यातली खरी गोम ऐका. एके दिवशी बघतो तर शेखरराव गादी खांद्यावर घेऊन जिना उतरतायत. म्हटलं, काय हो, पाहुणे? तर म्हणाले, "नाही, असंच. तेजूच्या खोलीतली आहे, गुठळ्या झाल्यात, पिंजून घेतो." आता मला सांगा, ज्या गादीवर पोरगी गेल्यापासून कुणी अंगसुद्धा टाकलं नाही तिच्यात गुठळ्या होतील कशा? मग पडदे बदलले. मग खिडकीला जाळी मारली, तिला डास फार चावतात म्हणून. म्हणजे सकाळी देवापुढे उभं राहून "आई सप्तशृंगी, पोरीला नोकरी लागू दे," आणि अकरा वाजता पडद्याचं माप! एकटा माणूस आहे, भिंतीशी किती बोलणार? पोरगी परत यावी असं वाटलं तर आता यात शेखररावांचं काय चुकलं?

तर अशात एक कंपनी लागली हाताला. चांगली कंपनी. पहिली मुलाखत झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, व्हिसाचं नाव काढलं तरी बाईचा चेहरा पडला नाही! क्लेअर मॅडम. मुलाखत घेणाऱ्या. तेजू फोनवर म्हणाली, "पप्पा, फार चांगल्या आहेत हो, मला म्हणाल्या तुझे वडील काय करतात, मी सांगितलं विमानं बनवायचे." झालं! शेखररावांची छाती अशी फुगली! बाईनं आपली चौकशी केली! आता आपल्याकडनं काहीतरी जायला पाहिजे की नको?

कारण शेखररावांच्या कळवणच्या घरची रीतच तशी. आपलं लेकरू ज्यांच्या दारात जातं, त्यांच्याकडे आपल्या हातचं काहीतरी पोहोचलं पाहिजे. तेजू शाळेत गेली तेव्हा बाईंना शेतातल्या ओल्या शेंगा. क्लासला लागली तेव्हा सरांना हरभऱ्याचा टहाळ. होस्टेलला गेली तर रेक्टरबाईंना पिशवीभर बोरं. त्यात मागणं काही नसतं हो! 'आमचं लेकरू तुमच्या पदरात आहे' एवढंच त्या पिशवीत असतं. तर हे गेले शालिमारला, कुरिअरवाल्याकडे, द्राक्षाची पेटी घेऊन! तो हसायलाच लागला. "काका, द्राक्षं नाही जात, तिथं पोचेस्तोवर वाईन होईल. चिवडा द्या, चिवडा जातो." मग चिवडा. तोसुद्धा समोर उभं राहून करून घेतला. "तिखट कमी टाक रे, मॅडम इंग्रज आहेत." वर स्वतःच्या हातानं इंग्रजीत चिठ्ठी, की आदरणीय मॅडम, तेजस्विनी ही तुमचीच मुलगी समजावी, तिला आई नाही, सोबत नाशिकचा चिवडा पाठवत आहे, कांदा बारीक चिरून वर लिंबू पिळून खावे. आपला, शेखर निकम, सेवानिवृत्त, ओझर. कंपनीचा पत्ता वेबसाईटवर होताच. तेजूला काही सांगितलं नाही. म्हणाले, क्लेअर मॅडमच सांगतील, तेवढीच गंमत.

गंमत! तिकडे पार्सल पोहोचलं आणि आख्ख्या ऑफिसात धावपळ! म्हणे निवड चालू असताना उमेदवाराकडून किंवा उमेदवाराच्या घरच्यांकडून भेटवस्तू घेणं नियमात बसत नाही. चिवडा कपाटात कुलूपबंद! तेजूला बोलावलं. समोर तीन माणसं, मधे पिशवी. "हे काय आहे?" पोरगी म्हणाली, पोहे आहेत, चपटे केलेले तांदूळ. तर एक जण म्हणतो कसा, "चपटे का केले?" आता काय उत्तर आहे याला? आपण तरी कधी विचारलंय का? पोरीनं परोपरीनं सांगितलं, आमच्याकडे पद्धत असते, माझे वडील असे नाहीत, ते ऐकून घेत होते, मान डोलवत होते, लिहून घेत होते. क्लेअर मॅडम तर म्हणे बिचाऱ्या खाली बघत बसल्या होत्या. आणि आठवड्यात पत्र आलं. फार आनंद झाला, फार प्रभावित झालो, मात्र दुर्दैवाने... ज्या माणसानं जन्मात कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही, त्याच्यावर साता समुद्रापार लाच दिल्याचा संशय! आता यात शेखररावांचं...

नाही. इथं मात्र विचारत नाही मी. कारण त्या दुपारचा फोन मी ऐकला. पोरगी रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. म्हणाली, "पप्पा, एक विचारू? खरं सांगा. तुम्ही मुद्दाम केलंत का? मी परत यावं म्हणून?"

वर एकदम शांत. मी खाली चहा गाळत होतो, गाळणं तसंच हातात. म्हटलं, बोला ना शेखरराव, नाही म्हणा, काय माणूस आहे, एवढं सोपं उत्तर! तर केवढ्या तरी वेळानं आवाज आला, "नाही गं बाळा." पण तोवर उशीर झाला होता, तिनं ती शांतता ऐकली होती ना! "बरं, ठेवते," म्हणाली. मग फोन बंदच झाले. नुसता मेसेज यायचा. 'ठीक आहे.' 'जेवले.' हे तरी जेवायला बसायचे त्याच वेळेला, मोबाईल तांब्याला टेकवून. मोबाईल काळा, हे त्याच्याकडे बघत जेवतायत. मी एकदा वर गेलो तर मला म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं हो, मी मुद्दाम केलं असेल?" म्हटलं, काहीतरीच काय शेखरराव! तर म्हणाले, "नाही, मी तर चांगल्यासाठीच पाठवला. पण तिची नोकरी गेली असं कळलं ना, तेव्हा सगळ्यात आधी मनात आलं, गादी पिंजून घेतली ते बरं झालं. बापाच्या मनात असं येतं का हो?" म्हटलं, चला, चहा टाका.

आणि मग मुदत संपायला आली, तिकीट काढायची वेळ झाली, आणि अचानक एका दुपारी वरून एवढ्यानं ओरडणं ऐकू आलं की मला वाटलं सिलेंडर फुटला! धावत वर गेलो तर शेखरराव उभेच, मोबाईल हातात, आणि पोरगी तिकडनं हसतीय आणि रडतीय! लागली! पार वर स्कॉटलंडच्या टोकाला, समुद्राच्या काठी, जिथं म्हणे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. व्हिसा देणार, सगळं देणार. "पप्पा, मी तेव्हा तसं बोलायला नको होतं." हे म्हणाले, "अगं बोल ना, बापाला नाही बोलणार तर कुणाला!" आणि डोळे पुसत मलाच पाणी द्यायला लागले. एक मात्र तिनं निक्षून सांगितलं, "इथं काही पाठवायचं नाही हं पप्पा. काही म्हणजे काही नाही." "नाही गं बाई! शपथ!"

मग पेढे! सगळ्या सोसायटीत! सुलाबाईंनी तर यांच्या तोंडावरनं हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. पुंजानं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "झालं की काका! आता तुमी एकदम निवांत!" शेखरराव म्हणाले, "हो रे बाबा." पेठ, सुरगाणा, कळवण, ओझर, जिथं जिथं ओळख तिथं फोन झाले. शहरात ओळखीचं असं कुणी उरलं नाही ज्याला कळलं नाही.

आणि ते झाल्यावर... काय झालं माहितीये का? काही नाही झालं. पोरगी सकाळी उठून ऑफिसला पळते, फोन करणार कधी? रविवारी करते. तोही, "पप्पा, बरे आहात ना, मी खूप थकलेय हो, पुढच्या रविवारी निवांत बोलू." बरोबरच आहे तिचं! एवढी धडपड केली ती कशासाठी? आणि गेटवर आता कुणी थांबवत नाही. विचारणार काय? लागलं ना! भाजीवाली भाजी देते, पुंजा गेट उघडतो, सलाम करतो, संपलं. सगळ्यांचं चांगलं झालं, कुणाचं काही चुकलं नाही, आणि माणूस मात्र वर एकटा! कुणावर चिडायचं सांगा बरं? मी तरी कुणावर चिडू?

परवा दुपारी बघतो तर शेखरराव खाली गेटपाशी खुर्ची टाकून बसलेले, भर उन्हात. म्हटलं, काय शेखरराव, इकडे कुठे? आता काय बुवा, पोरगी मार्गी लागली!

"लागली ना," म्हणाले. "तुमची फॅक्टरीवाल्यांशी, दुकानदारांशी बरीच ओळख आहे. आता माझ्यासाठी बघा कुठेतरी काम. काहीही चालेल. पगाराचं तर नावच काढू नका..."

"बघतो की," म्हटलं, "पण कसलं काम?"

तर म्हणाले, "कसलंही. फक्त दुपारचं बघा."