डब्यात कोंडलेली हाक

...अन् वर मलाच सांगतात, "जागचं हलायचं नाही!" हसताय काय? तुम्हाला सांगते, या वयात माणूस चालून दमत नाही, बसून दमतं!

झालं काय, शेळी हरवली. मी अन् माझी थोरली जाऊ निघालो डोंगरात शोधायला. तिथं फोन लागत नाही, म्हणून लेकानं मला एक पिवळी डबी दिलेली, मुठीएवढी. "आई, अडकलीस तर हिची पट्टी उभी कर अन् बटण दाब. ही वर उपग्रहाला हाक मारते. तिथून सुटकेच्या पथकाला ठिकाण कळतं. ते आधी मला फोन करतील, खरंच आहे ना विचारायला, मग निघतील. तू फक्त जागचं हलायचं नाही!" आता सांगा, मला जन्मात कुणी बसलेलं पाहिलंय?

तर जाऊबाई घसरल्या. धप्प! पाय असा वाकडा... बघवेना! त्यांना उचलणं माझ्यानं होतंय होय? पट्टी उभी केली, बटण दाबलं, दिवा लुकलुकला. अन् मग... नवी वस्तू ना हो, माती लागेल, ओल लागेल, म्हणून पट्टी दुमडून भाकरीच्या स्टीलच्या डब्यात घातली, झाकण गच्च! आमच्याकडं टीव्हीचा रिमोटसुद्धा पिशवीत असतो!

बसलो. ऊन कललं. कुणी येईना. जाऊबाई कण्हत म्हणतात, "ए धाकटे, कुठाय तुझं विमान?" म्हटलं, "तुमचं वजन कळवलंय, मोठं शोधतायत!" एरवी चप्पल आली असती अंगावर. त्या नुसत्या हसल्या... मग तेही बंद. हात गार पडलेले. वाटलं, धावत खाली जावं, कुणाला तरी आणावं... पण नाही! जागचं हलायचं नाही!

तेवढ्यात त्याच पुटपुटल्या, डोळे मिटूनच, "धाकटे... डब्यात कोंडून हाक मारली, तर कुणाला ऐकू येईल का गं?"

अगं बाई! झाकण उघडलं, पट्टी ताठ केली, डबी ठेवली उघड्या खडकावर, आभाळासमोर. म्हटलं, "मार बाई हाक, आता घसा फाटेस्तोवर मार!"

अन् आली की माणसं! पुढं एक पोरगी, हातात यंत्र, टीं टीं करत सरळ आमच्याच अंगावर! जवळ आल्यावरही डबीची हाक चालूच असते म्हणे, तिच्याच मागावर येतात. मला म्हणते, "आजी, हलला नाहीत म्हणून लवकर सापडलात!" तशी जाऊबाईंनी एक डोळा उघडला, "ही? अन् हलली नाही? आधी हिचा पाय बघा, मोडला असेल!" तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

शेळी? ती आमच्या आधी गोठ्यात, रवंथ करत!

आता जाऊबाईंच्या पायाला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, "जागचं हलायचं नाही!" म्हणजे त्या पलंगावर अन् पळापळ माझी. "धाकटे, पाणी! धाकटे, उशी! धाकटे, ती पहिलीच उशी बरी होती!" अन् मला मेलीला आत्ता कुठं बसायची गोडी लागलेली! म्हणून तर तुम्हाला घेऊन या मागच्या खोलीत आले, दार लावलं, पोत्यांच्या आड बसले, जरा पाठ टेकावी म्हणून...

"ए धाकटेऽऽ!"

ऐकलंत? पट्टी नको, आभाळ नको, दारसुद्धा बंद... आले, जाऊबाई, आले!